खो बंदिस्त ठरला तेव्हा

शिट्टी वाजली आणि अण्णांनी तोंडातली सुपारी थुंकली.

"कांचीच," ते म्हणाले.

त्यांना दिसत नव्हतं. साखरेनं डोळे खाऊन बरीच वर्षं झाली होती. पण कुपवाडच्या मैदानावर कुठली शिट्टी कुणासाठी वाजली, हे त्यांना कडेला बसून कळायचं. आयुष्यभर सूतगिरणीत पाळ्या केल्या आणि उरलेल्या वेळात या मैदानावर पोरी खेळवल्या. त्यांची स्वतःची पोर, कांचन वाघमोडे, त्यातली सगळ्यात चपळ. आणि शिट्टी नेहमी तिच्याच एका चुकीसाठी. खो मिळायच्या आधीच ती उठायची.

खो-खोत आठ जणी मधल्या पट्टीवर बसतात. एकीचं तोंड इकडं, पुढचीचं तिकडं. नववी पाठलाग करते, पण तिला पट्टी ओलांडता येत नाही. पळणारी पलीकडे गेली की हिनं बसलेलीच्या पाठीला हात लावायचा, 'खो' म्हणायचं आणि तिच्या जागी बसायचं. हात आणि शब्द मिळाल्यावरच बसलेलीनं उठायचं. त्याआधी ढुंगण हललं तरी फाउल.

"अगं बाई, हात तरी लागू दे," तब्बसुम मुल्ला कमरेवर हात ठेवून ओरडली. लहानपणापासून या दोघी एकमेकींना खो देत आल्या होत्या. "मी काय भूत आहे का, न लावता लागायला?"

"तू देणारच होतीस."

"देणार होते! दिला नव्हता!"

मागून येणारं पाऊल जड झालं, श्वास अडला, की कांचनला कळायचं, आता आपल्यालाच. कळलं की अंग उठायचं. ते कधी बरोबर वेळेला उठायचं आणि पळणारी हातात सापडायची. कधी अर्धा क्षण आधी उठायचं आणि शिट्टी. राज्याच्या निवडीत ती दरवेळी या अर्ध्या क्षणावर घरी आली.

"डोकं चालवतीस तू," अण्णा घरी जाताना म्हणाले. ते तिच्या मागून चालत होते, उजवा हात तिच्या पाठीवर. नाल्याकडेची वाट एकाच माणसाची होती, दोघं शेजारी मावत नव्हते. तिची पाठ वर झाली की पुढं चढ, बाजूला झुकली की खड्डा. काठी त्यांनी कधी घेतली नाही. "किती येळा सांगू. खो म्हंजे दिव्याचं बटण. हात पडला, दिवा लागला. मधी डोकं आणायचं न्हाई."

"बरं अण्णा."

"बरं म्हणतीस आणि उद्या पुन्हा उठतीस."

*

त्याच वर्षी ठसा खेळात आला.

यंत्र मुळात अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी बनवलं होतं. पण रुग्णाकडून पैसा सुटत नाही, लीगकडून सुटतो. म्हणून ते खेळात आलं. याला प्रगती म्हणतात.

माणूस हालचाल कशी शिकतो, ते आधी बघा. सुरुवातीला तो प्रत्येक तुकड्याचा विचार करतो: पाय कुठं, हात कुठं, नजर कुठं. चुकतो. मग चुका कमी होतात, तुकडे जोडले जातात. मग एक दिवस विचारच लागत नाही, हालचाल डोक्यातून अंगात उतरलेली असते. याला वर्षं लागतात. रोज थोडं करायचं, थांबायचं, पुन्हा करायचं, आणि झोपेत मेंदू ते घटवून ठेवतो. ठसा या झोपेतच घुसतो. एखाद्या निष्णात खेळाडूच्या लहान मेंदूत आणि मणक्यात हालचालीच्या वेळी जे विजेचे ठोके उठतात, ते नोंदवायचे आणि दुसऱ्याच्या झोपेत, मानेवरच्या पट्ट्यातून, तेच ठोके पुन्हा पुन्हा द्यायचे. काही आठवड्यांत हालचाल उतरते. घाम नाही, वर्षं नाहीत.

अडचण एकच. ठशाला बदल कळत नाही. नेमबाजी, भाला, उंच उडी यांत भोवतालचं काही हलत नाही, खेळाडू ठरवेल तेव्हा सुरुवात आणि दरवेळी तोच शेवट. ही बंदिस्त कौशल्यं. कुस्ती, कबड्डी ही खुली, कारण समोरचा काय करेल यावर सगळं. पहिल्या प्रयोगांत एका पैलवानाला दुसऱ्याची धोबीपछाड ठसवली. समोरचा गडी एक पाऊल मागं सरकला. यानं रिकाम्या हवेला धोबीपछाड मारली आणि स्वतःच तोंडावर आपटला. लोक हसले. पैलवानाचा खुबा गेला, त्यावर कुणी बोललं नाही.

म्हणून सरकारनं समिती नेमली. कुठल्या खेळातली कुठली हालचाल बंदिस्त, कुठली खुली, याची वर्गवारी करायची. बंदिस्त ठरेल त्यालाच ठशाची परवानगी.

खो-खोची सुनावणी पुण्यात होती, जुन्या प्रशिक्षकांत अण्णांनाही बोलावलं होतं. थंडगार सभागृह, समोर तिघं. एक हाडांचे डॉक्टर, एक निवृत्त अधिकारी, एक बाई पूर्वी बॅडमिंटन खेळायच्या. तिघांपैकी एकानंही कधी मातीत बसून खो घेतला नव्हता.

"खो घेऊन उठणं," अधिकाऱ्यानं वाचलं. "खेळाडू स्थिर. बसण्याची जागा ठरलेली. स्पर्श ठरलेला. प्रशिक्षकांचं काय म्हणणं आहे?"

अण्णा उठले. हात कांचनच्या पाठीवर. त्यांनी दाढी करून घेतली होती, धुतलेला सदरा घातला होता.

"खो म्हंजे दिव्याचं बटण साहेब. हात पडला, उठायचं. इचार करायचा न्हाई. मी जल्मभर ह्येच शिकवलं."

"म्हणजे बंदिस्त."

"तुम्ही काय म्हणता ते म्हणा. पण बटण."

मागच्या रांगेतून तब्बसुम उठली. "आणि हात देणारी? ती पण ठरलेलीच का? ती दमलेली असती, फसवत असती, पडत असती..."

"आपलं नाव वक्त्यांत आहे का?"

"न्हाई."

"मग बसा."

बॅडमिंटनच्या बाईंनी विचारलं, "आणि 'खो' हा शब्द? त्याचं काय?"

"स्टेडियमच्या गोंगाटात शब्द भरवशाचा नाही," डॉक्टर म्हणाले. "स्पर्श पुरेसा आहे."

अधिकाऱ्यानं निकाल सांगितला: पहिलं पाऊल बंदिस्त, दुसऱ्यापासून खुलं. मग सगळे जेवायला गेले.

बाहेर आल्यावर अण्णा हसत होते. "झालं बघ. आता तुझी शिट्टी बंद."

"तू पण घे की," कांचन तब्बसुमला म्हणाली.

"मला नको. आमची अम्मी दिवसातनं दहा धपाटे घालती पाठीत. दहा वेळा उठून पळू काय घरातनं?"

तिघंही हसले. अण्णा सगळ्यात जास्त.

*

लीगच्या एका संघानं कांचनला घेतलं आणि पुण्याच्या ठसा केंद्रात पाठवलं. तिथं दुपारी गोळी देऊन झोपवायचे. डॉ. मैत्रेयी साठ्ये पट्टा बांधायच्या. बाई चांगल्या होत्या, पायावर पांघरूण ओढायच्या.

"हे उठणं कुणाचं आहे?" कांचननं एकदा विचारलं.

"ते सांगता येत नाही. पण देशातलं सगळ्यात जलद आहे."

म्हणजे कुठल्यातरी अनोळखी पोरीचं. ती कुठल्या मातीत बसून शिकली, तिला कुणी शिकवलं, कुणी सांगितलं नाही. कांचननंही पुन्हा विचारलं नाही.

मग लीग सुरू झाली आणि शिट्टी बंद झाली. खरंच बंद झाली. पाठीला हात लागला की ती उठलेली असायची. 'उठायची' नव्हे, उठलेली असायची. आधी बसलेली, मग पळणारीच्या मागं, आणि मधलं काही नाही. मागून कोण येतंय, कुणाचं पाऊल, कुणाचा श्वास, हे कळणंही संपलं. पाठीमागं भिंत असल्यासारखं सगळं गप्प. पळताना चौथ्या-पाचव्या पावलाला ती स्वतःच्या अंगात परत यायची आणि पुढचं तेवढं खेळायची. तेवढं पुरत होतं. संघ जिंकत होता, पडद्यावर तिचं उठणं सावकाश करून दाखवत होते, अण्णा शेजाऱ्याच्या घरी बसून आवाज ऐकत होते.

तब्बसुमलाही संघानं घेतलं होतं. ठसा नसलेल्या दोन-तीन जणी लागतातच, पाठलाग करायला. एकदा सामन्यानंतर बूट सोडताना ती म्हणाली, "कांचे, एक सांगू? तुला खो द्यायला मजा येईना."

"लवकर उठत नाही आता मी."

"तेच. आधी मी यायच्या आत तुला माहीत असायचं मी येते ते. शिट्टी खायचीस, पण माहीत असायचं. आता मी येऊ, नाहीतर काठी लावून बघू, तुला एकच."

"जिंकतोय ना."

"जिंकतोय की. मी कुठं न्हाई म्हटलं."

कांचनला यावर राग यायला हवा होता. वाईट तरी वाटायला हवं होतं. तिनं वाट बघितली. काही आलं नाही.

ठसा वापरानं खोल जातो, हे केंद्राला माहीत होतं. रुंदही होतो, हे त्यांना हळूहळू कळत होतं. प्रत्येक सामन्यात तोच रस्ता मळत गेला की त्याला कमी धक्का पुरतो. आधी फक्त पाठीचा मधला भाग होता. मग खांदे आले. मग खुर्चीची पाठ. जेवणाच्या टेबलावरून कांचन दोनदा उडाली, आमटी पोरींच्या अंगावर. संघानं तिला पिवळं जाकीट दिलं, मागं मोठ्या अक्षरांत: हात लावू नये. एस.टी.त आता ती उभ्यानं यायची. लग्नाला गेली तेव्हा मावशी मिठी मारायला आली, अक्षरं वाचून थांबली आणि लांबूनच म्हणाली, "बरी हायस ना?"

"बरी आहे."

बरी होतीच. मनाला काहीच लागत नव्हतं.

*

अंतिम सामन्याआधी सुट्टी मिळाली, ती घरी आली. अण्णांना मैदानावर न्यायचं होतं. पाठीला हात चालणार नाही, हे त्यांना फोनवर सांगितलं होतं.

"मग कसं चालायचं?"

"कोपर धरा."

"वाट कुठं हाय तेवढी रुंद? आणि मी काय नवरी हाय का, कोपर धरून चालाया?"

शेवटी दोरी काढली. एक टोक तिच्या कमरेला, एक अण्णांच्या हातात.

"आता मला बैल केलंस," अण्णा म्हणाले. पण निघाले.

नाल्याच्या मोरीपाशी दगड निसटलेला होता. तिनं सांगितलं, "अण्णा, दगड." ऐकता ऐकता त्यांचा पाय त्यावरच पडला. तोल गेला. दोरी दोरीच असते, तिच्यावर भार टाकता येत नाही. त्यांचा उजवा हात इतक्या वर्षांच्या सवयीनं जिथं जायचा तिथं गेला.

कांचन उठली. उभीच होती, तरी उठली. गुडघ्यातून झेपावून, डावीकडं, देशातल्या सगळ्यात जलद पोरीचं उठणं. दोरीला हिसका बसला. मागं काय पडलं ते तिला ऐकू आलं. आधी अंगाचा आवाज, मग अण्णांचा. पण पाय अजून तिचे नव्हते. तिथं नसलेल्या कुणाच्यातरी मागं ती आणखी काही पावलं पळाली. मग थांबता आलं.

खुबा मोडला होता. सिव्हिलमध्ये सळई घातली.

शुद्धीवर आल्यावर अण्णांनी विचारलं, "सामना कधी हाय?"

"अण्णा..."

"रडतीस काय?"

"नाही." ती खरंच रडत नव्हती.

"मग ठीक. रडायचं काय त्यात. मी बोललो तसंच झालं की. हात पडला, उठलीस." त्यांनी चाचपून उशी सारखी केली. "फायनल खेळायची. माझं इथं बघायला सुमन हाय."

सुमनकाकी शेजारच्या. त्या गरम पाणी आणायला गेल्या होत्या. तब्बसुम खिडकीशी उभी होती, तिला राहवलं नाही.

"अण्णा, त्या समितीपुढं तुम्ही बटण म्हणालात."

"म्हणालो."

"आता जाऊन सांगा की, बटण न्हवतं म्हणून."

"आणि मग? हिचा ठसा काढतील. पुन्हा शिट्टी. पुन्हा घरी." त्यांचा आवाज चढला. "मला दिसत न्हाई गं पोरी. मला दुसरं काय ऐकू यायचं राहिलंय? हिचं नाव तेवढं येतं त्या टीव्हीतनं."

तब्बसुम खिडकीकडं वळली.

काही दिवसांनी अण्णांना उभं करायचं होतं. व्यायाम शिकवणारा पोऱ्या नव्हे, चांगला पिकल्या मिशांचा गृहस्थ होता. तो म्हणाला, "मुलीनं पुढं उभं राहावं, आजोबा मागून आधार घेतील." त्यानं जाकीट वाचलं. "अच्छा. तुम्ही नको मग."

"ती नको," अण्णाही म्हणाले. "सुमन, तू ये."

सुमनकाकी पदर खोचून पुढं उभ्या राहिल्या. अण्णांनी चाचपडत त्यांच्या पाठीवर हात ठेवला. एक पाऊल. दुसरं. कांचन भिंतीला पाठ न लावता उभी राहून बघत होती. अण्णा परक्या बाईच्या पाठीला विचारत विचारत चालत होते, पुढं काय आहे. पाठ काही सांगत नव्हती. काकींना ते येत नव्हतं, त्यांचा काय दोष. अण्णा पलंगाच्या कडेला धडकले.

कांचन तिथून निघाली ती थेट पुण्याला.

*

"काढता येतं का?" तिनं विचारलं.

डॉ. साठ्येंनी पडद्यावर तिचा मणका दाखवला. "हालचाल काढता येत नाही. ती तुमच्या साध्या उभं राहण्यात मिसळलेली आहे. ती काढली तर उभंच राहता येणार नाही. ज्यामुळे ती सुरू होते तेवढं बंद करता येईल."

"म्हणजे?"

"पाठीची जाणीव. मानेपासून कमरेपर्यंत बधिर करावी लागेल. मग हात लागला तरी मणक्याला कळणार नाही. अंग उठणार नाही."

"खो कळणार नाही."

"नाही. खेळ संपेल तुमचा. आणि ते परत उलटवता येत नाही." बाईंनी चष्मा काढला. "अंतिम सामना झाल्यावर या. आठवडाभराचा तर प्रश्न आहे."

"आठवड्यात अजून रुंद होईल ना?"

"होऊ शकतं."

"कुठपर्यंत?"

"माहीत नाही. आम्ही एवढं लांब कुणाला बघितलेलं नाही." मग त्या घाईनं म्हणाल्या, "वर्गवारी समितीनं केली होती. मी फक्त ठसा दिला."

"आमच्या अण्णांनी केली वर्गवारी," कांचन म्हणाली. "समितीनं फक्त लिहून घेतली."

बाईंना ते नीट कळलं नाही. त्यांनी मान हलवली.

कांचन पालथी झोपली. सुई टोचलेली तिला कळली. दुसरी अंधूक कळली. तिसरी कळली नाही.

अंतिम सामना तिच्याशिवाय झाला. संघ हरला. लीगनं दोन ओळींत कळवलं की तिची गरज उरलेली नाही. सिव्हिलमधून नुकतंच घरी सोडलेल्या अण्णांनी शेजाऱ्याच्या घरी सामना शेवटपर्यंत ऐकला. तिचं नाव आलं नाही. घरी येऊन ते भिंतीकडं तोंड करून झोपले आणि बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनं वाढलं की जेवायचे. ताट सरकवायचे. बस्स.

मग एका सकाळी ते दारात येऊन उभे राहिले, पायात चपला.

"मैदानावर पोरी आल्या असतील," ते म्हणाले. "जाकीट घातलंयस?"

"नाही."

"हात ठेवू?"

"ठेवा."

ठेवला. ती हलली नाही. अण्णांनी श्वास सोडला, तो मात्र तिला ऐकू आला.

दोघं निघाले. सळईचा पाय ओढत अण्णा सावकाश चालत होते. कांचन त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत पावलं टाकत होती, कारण मागं हात आहे की नाही हे समजायला तिच्याकडं दुसरं काही नव्हतं. चप्पल वाजली की ती पुढं जायची, न वाजली की थांबायची. वळून बघितलं असतं तर त्यांना कळलं असतं. तिनं वळून बघितलं नाही.

"चढ आला अण्णा," ती म्हणाली. पूर्वी हे तोंडानं सांगावं लागत नव्हतं.

"व्हय."

मोरी मागं पडली. मैदानावरून पोरींचा आरडाओरडा ऐकू यायला लागला. अण्णा थांबले म्हणून ती थांबली.

"कांचे."

"काय अण्णा?"

"आधीसारखा लागतो का गं हात?"

"लागतो की."

"आत्ता लागतोय?"

"लागतोय. का?"

अण्णांचे दोन्ही हात त्यांच्या स्वतःच्या पोटाशी धरलेले होते, एकात एक.

"काय न्हाई," ते म्हणाले. मग हवेत चाचपून त्यांनी तिची पाठ शोधली आणि तळहात सगळा टेकवून ठेवला. "चल. खेळ सुरू झाला असंल."

ती चालायला लागली.